दाद कोणाकडे मागावयाची ?

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत बोरी हें गांव आहे. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत मोडत असे. याच भागांत हिंगोली येथें एकोणिसाव्या शतकांत एक मोठी लष्करी छावणी होती. तेथील फौज निजामाची म्हणविली जाई. तिच्यावरील अधिकारी मात्र इंग्रज असत. हुकूम एकाचा आणि पगार दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था होती. पगाराची रक्कम वेळेवर जमली नाहीं, म्हणजे सावकाराला हांक मारावी लागे. त्या सावकाराचें येणें अडकलें, तर त्यानें दाद कोणाकडे मागावयाची ? दिसावयास हा प्रश्न पेढीवरील चोपडीपुरता दिसतो. पण त्याच्या पोटीं एका राज्याचें भवितव्य दडलेलें होतें.

या सावकारांत पहिलें नांव येतें तें विल्यम पामर याचें. त्याचे वडील जनरल पामर हे पेशव्यांच्या दरबारीं पुण्यास रेसिडेंट होते. आई दिल्लीकडील एका खानदानी मुसलमान घराण्यांतील. निजामाच्या फौजेंतील नोकरी सोडून विल्यमनें हैदराबादेंत पेढी घातली. तिच्यांत बंकटीदास नांवाचा गुजराती सावकार भागीदार होता. पुढें सर विल्यम रंबोल्ड हाही येऊन मिळाला. रंबोल्डची पत्नी गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या घरीं वाढलेली, त्यामुळें पेढीला थेट कलकत्त्याचा आधार लाभला. राज्याचा कारभार त्या वेळीं राजा चंदुलाल पाहत असे. पेढीनें फौजेच्या पगारासाठीं पैसा पुरवावा आणि त्याच्या फेडीसाठीं महालांचा वसूल तिच्या नांवें लावून द्यावा, असे करार झाले.

आतां कायदा काय होता ? १७९७ च्या पार्लमेंटच्या कायद्यानें ब्रिटिश प्रजाजनाला हिंदी राजांस कर्ज देण्याची मनाई होती; मात्र सरकारची लेखी संमति मिळाल्यास ती मनाई उठत असे. अशी संमति पामर पेढीनें १८१६ सालीं मिळविली. परंतु परवाना म्हणजे न्यायासन नव्हे. निजामाच्या राज्यांत निजामावर फिर्याद कोण ऐकणार ? कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचा हुकूम निजामावर चालत नव्हता. म्हणजे पेढीचें खरें तारण दस्तऐवजांत नव्हतें, तें रेसिडेंटच्या वजनांत होतें. दरबाराला पेढीची भीड पडे ती याच कारणानें.

१८१७-१८ चें पेंढारी व मराठ्यांशीं झालेलें युद्ध संपलें, तेव्हां निजामाचा खजिना रिकामा होता आणि खेडींपाडीं उजाड पडलीं होतीं. १८२० सालीं ६० लाख रुपयांच्या नव्या कर्जाची योजना पुढें आली. फौजेची तुंबलेली बाकी द्यावी, जुनीं देणीं फेडावीं आणि रयतेला तगाई द्यावी, असे तिचे हेतु सांगण्यांत आले. कलकत्त्याच्या कौन्सिलांत मतें समसमान पडलीं आणि हेस्टिंग्जच्या निर्णायक मतानें योजना मंजूर झाली. त्याच वर्षाअखेर चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला. त्यानें हिशेब तपासले, तों बरीचशी रक्कम म्हणजे जुन्याच देण्याची नवी मांडणी, आणि तीत ८ लाख रुपये भागीदारांना दिलेली बक्षिसी, असें त्याला आढळलें. रयतेच्या नांवानें काढलेलें कर्ज रयतेपर्यंत पोंचलें नव्हतें. कंपनीनें आपल्या हमीवर शेंकडा ६ दरानें कर्ज उभारून पेढीचें देणें एकदम चुकवावें, असें त्यानें सुचविलें. तें हेस्टिंग्जनें मानलें नाहीं.

शेवटीं वाट निघाली ती दुसरीच. उत्तर सरकारांबद्दल कंपनी निजामाला दरसाल ७ लाख रुपये पेशकश देत असे. १८२३ सालीं त्या हक्काबद्दल कायमचे १ कोटी १६ लाख ६६ हजार ६६६ रुपये ठरले आणि त्यांतून पामर पेढीचें सुमारें ८० लाखांचें देणें भागविण्यांत आलें. दरबाराचें पिढीजाद उत्पन्न एका पेढीच्या चोपडींत विरलें. पेढीही फार दिवस टिकली नाहीं. १८२४ सालीं तिचें दिवाळें वाजलें. या साऱ्या प्रकरणांत हिशेबाचा निवाडा कोणत्याही न्यायाधीशानें केला नाहीं. तो रेसिडेंटच्या खलित्यांनीं, कौन्सिलच्या मतांनीं आणि लंडनच्या संचालकांच्या मर्जीनें झाला.

पुढें हीच भूमिका तारापूरच्या पेस्तनजी मेहेरजी व विकाजी मेहेरजी या पारशी बंधूंकडे आली. त्यांनीं वऱ्हाडचा कापूस मुंबईस नेण्याची वाट पाडली. औरंगाबादच्या टांकसाळींतील 'पेस्तनशाही' रुपया त्यांच्याच नांवानें ओळखला जाई. १८४३ सालीं चंदुलाल पायउतार झाला आणि त्यांच्याकडे लावून दिलेले महाल काढून घेण्यांत आले. त्यांनीं कंपनीकडे दाद मागितली. पण हा दरबार आणि सावकार यांच्यांतील खासगी व्यवहार, असें म्हणून कंपनीनें हात झाडले. पैसा फौजेसाठीं हवा होता तोंवर सावकार सर्वांचा होता. येणें मागूं लागतांच तो कोणाचाच राहिला नाहीं.

कंपनी स्वतः धनको झाली, तेव्हां मात्र तिला न्यायासनाची वाण पडली नाहीं. फौजेच्या तुंबलेल्या खर्चापोटीं लॉर्ड डलहौसीनें १८५३ च्या २१ मे रोजीं तह करून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडील मुलूख आपल्या कारभाराखालीं घेतला. १८६० सालीं धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र १९०२ सालीं दरसाल २५ लाखांच्या खंडानें इंग्रजांकडे कायमचें राहिलें.

पामरला परवाना आधार देऊं शकला नाहीं, पेस्तनजींना करार तारूं शकला नाहीं. कंपनीला मात्र तिची बंदूक पुरली. जेथें धनको आणि ऋणको या दोघांनाही बांधणारें न्यायासन नसतें, तेथें कर्जाची वसुली अखेर बळानेंच होते, आणि तिचा भार फिर्यादीलाही बसत नाहीं व आरोपीलाही बसत नाहीं. महाल कोणाच्याही नांवें लागो, सारा भरणारा हात बोरीसारख्या खेड्यांतील कुणब्याचाच असे. त्यानें दाद कोणाकडे मागावयाची, हें तर कोणत्याही तहाच्या कलमांत लिहिलेलें नव्हतें.