माउंट हॉलीचा शिंपी

चार्ल्स लँबचे निबंध आपल्यापैकीं पुष्कळांनीं कॉलेजांत वाचले असतील. क्वेकर पंथाच्या मौनसभेवर लिहितांना लँबनें वाचकांना एक शिफारस केली आहे, ती अशी कीं, जॉन वूलमनचे लेख पाठ करून ठेवावे. आमच्या वर्गांत त्या निबंधावर टीपा झाल्या, परीक्षेंत उत्तरेंहि झालीं. परंतु हा वूलमन कोण, हें विचारावें असें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं, माझ्याहि नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं ‘हार्वर्ड क्लासिक्स’ या ग्रंथमालेचा १९०९ सालचा पहिला खंड हातीं आला. त्यांत बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्राच्या पाठोपाठ वूलमनची रोजनिशी छापलेली आहे. दोघेहि एकाच काळांतले, जवळजवळ एकाच मुलखांतले, आणि दोघांनींहि दुकानावर पोट भरलेलें. फ्रँकलिन आपलें दुकान कसें वाढविलें तें सांगतो. वूलमन वाढतें दुकान कां मोडलें तें सांगतो. या दुसऱ्या दुकानदाराविषयीं आज बोलावयाचें आहे.

वूलमनचा जन्म १७२० सालीं उत्तर अमेरिकेंतील न्यू जर्सी या इंग्रजी वसाहतींत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. तेरा भावंडांचें घर, आणि तें क्वेकर पंथाचें. हा पंथ सतराव्या शतकांत जॉर्ज फॉक्स यानें इंग्लंडांत काढला. पगारी पाद्री नाहीं, वेदी नाहीं, बाप्तिस्म्याचें पाणीहि नाहीं. सर्वांनीं एकत्र निःशब्द बसावें आणि ज्याला आंतून प्रेरणा होईल त्यानें उठून बोलावें, एवढीच त्यांची उपासना. विधि टाकल्यावर धर्म राहावयाचा कोठें? तो रोजच्या वागणुकींत राहिला. क्वेकर मनुष्य शपथ घेत नसे. कोणा मोठ्यापुढें टोपी काढीत नसे. शस्त्र धरीत नसे. दुकानांत घासाघीस न करतां एकच भाव सांगे. याचा परिणाम असा झाला कीं, गिऱ्हाइकांचा विश्वास बसला आणि क्वेकर व्यापारी श्रीमंत झाले. फिलाडेल्फियाच्या आसपास त्यांचीं मोठीं घरें उठलीं, आणि त्या घरांत आफ्रिकेंतून धरून आणलेलीं माणसें व त्यांचीं मुलेंबाळें राबूं लागलीं. एका भावाचा हा सज्जन मनुष्य माणूसहि विकत घेई, आणि यांत कांहीं विपरीत आहे असें त्याच्या शेजाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना वाटे.

एकविसाव्या वर्षीं वूलमन माउंट हॉली गांवीं एका दुकानदाराकडे हिशेबनीस म्हणून राहिला. तेथें एके दिवशीं मालकानें आपली एक आफ्रिकन दासी विकली आणि विक्रीखत लिहून देण्यास या तरुणाला सांगितलें. गिऱ्हाईक समोर उभें होतें. विचार करावयास वेळ नव्हता. वूलमनच्या मनाला ती गोष्ट एकदम टोंचली. पण आपण सालाच्या बोलीनें नोकर आहों, मालकाचा हुकूम आहे, घेणाराहि आपल्याच पंथाचा एक वृद्ध गृहस्थ आहे, अशी मनाची समजूत घालून त्यानें खत लिहिलें. लिहितां लिहितां मात्र त्याला राहवेना. मालक आणि घेणारा या दोघांच्याहि समक्ष तो म्हणाला कीं, माणसांना दास करून ठेवणें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं असें मला वाटतें. एवढें बोलल्यानें मनाचा भार थोडा हलका झाला, परंतु पुरता गेला नाहीं. या कामांतून मला मोकळें करा, असें स्पष्ट सांगितलें असतें तर बरें झालें असतें, असें त्यानें नंतर लिहून ठेवलें आहे. त्या स्त्रीचें पुढें काय झालें याचा रोजनिशींत उल्लेख नाहीं. कांहीं काळानें दुसऱ्या एका तरुण क्वेकरानें तसेंच खत लिहावयास सांगितलें, तेव्हां त्यानें नकार दिला.

वूलमनचें सारें चरित्र या दोन खतांमध्यें आहे, असें मला वाटतें. पहिलें लिहिलें, दुसरें लिहिलें नाहीं; आणि दुसरें न लिहिण्याचें बळ पहिल्याच्या लाजेंतून आलें.

त्या काळीं गांवांत लिहिणारा मनुष्य वकिलाचें, कारकुनाचें, प्रसंगीं वैद्याचेंहि काम करी. एकदां एका शेजाऱ्याला मोठा मुका मार लागला. शीर तोडून रक्त काढण्याचा उपचार तेव्हां सर्रास होता. त्यासाठीं वूलमनला बोलावणें आलें. रक्त काढून झाल्यावर रोग्यानें आपलें मृत्युपत्र लिहून घेण्यास सांगितलें. इतर मालमत्तेबरोबर घरांतली एक तरुण दासी कोणत्या मुलाला द्यावयाची, हेंहि त्यानें सांगितलें. वूलमननें सर्व टिपून घेतलें, घरीं जाऊन मृत्युपत्र लिहिलें, दासीसंबंधींचें कलम तेवढें गाळलें, आणि कागद घेऊन तो पुन्हां त्याच्या बिछान्यापाशीं आला. त्यानें तें वाचून दाखविलें. मग अगदीं स्नेहाच्या शब्दांत सांगितलें कीं, ज्या कागदानें माझ्यासारखींच माणसें दास होतात तो कागद माझ्या हातून लिहवत नाहीं. झाल्या कामाचे मी कांहींच घेत नाहीं, राहिलेल्या कामाची मात्र मला माफी असावी. दोघांचें बराच वेळ बोलणें झालें. अखेरीस त्या गृहस्थानें तिला मुक्त करण्याचें कबूल केलें, आणि वूलमननें मृत्युपत्र पुरें केलें.

याच काळांत याच मुलखांत बेंजामिन ले नांवाचा दुसरा एक क्वेकर होता. १७३८ सालीं बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेंत त्यानें बायबलासारखें दिसणारें एक पोखरलेलें पुस्तक नेलें. त्यांत तांबड्या फळांच्या रसानें भरलेला फुगा ठेवला होता. भर सभेंत त्यानें त्या पुस्तकांत तलवार खुपसली आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या अंगावर तो रक्तासारखा रस उडविला. लोकांनीं त्याला बाहेर काढलें. लेचें म्हणणें शंभर हिश्श्यांनीं खरें होतें, आणि त्याचा संताप समजण्यासारखाहि आहे. पण रोग्याच्या बिछान्यापाशीं त्याला कोणी बसूं दिलें नसतें. वूलमनला गुलामांचे मालक घरांत घेत, जेवूं घालीत आणि त्याचें ऐकूनहि घेत.

आतां दुकानाकडे वळूं. मालकाकडे असतांनाच वूलमन शिंपीकाम शिकला, आणि पुढें त्याला जोड म्हणून कपड्याला लागणारें सामान व पुढें कापडचोपडहि विकूं लागला. भाव सचोटीचा, मनुष्य मिठ्ठास. धंदा भराभर वाढला. आणखी वाढण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं तसा तो घाबरला. त्याच्या ध्यानांत आलें कीं, लोक ऐपतीबाहेरची चैनीची वस्तु उधारीवर नेतात, मग देणें फिटत नाहीं, मग कोर्टकचेरी होते. आणि या साखळीची पहिली कडी आपल्या दुकानांत आहे. तो गरीब गिऱ्हाइकांना स्वस्तांतला माल घ्यावयास सांगूं लागला. शेवटीं १७५६ च्या सुमारास त्यानें, दुसऱ्या कोणत्या दुकानांत जावें तें गिऱ्हाइकांना आगाऊ सांगून, विक्री बंद केली. राहिलें शिंपीकाम आणि सफरचंदाच्या कलमांची बाग. घरांत बायको सारा आणि लहान मुलगी होती. मिळकत आपण होऊन कमी करून घेणाऱ्या या नवऱ्याविषयीं त्या माउलीला काय वाटलें असेल, याचा रोजनिशींत फारसा मागमूस नाहीं. ही उणीव मला नेहमीं खटकते.

१७५७ सालीं धर्मकार्यासाठीं तो दक्षिणेकडच्या वसाहतींत गेला. दोन महिन्यांत सुमारें साडेअकराशें मैल घोड्यावर प्रवास झाला. वाटेंत मुक्काम करावा तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्याच घरीं. अतिथीनें पैसे दिले तर यजमानाचा अपमान. न द्यावे तर गुलामांच्या फुकट श्रमावर आपण जेवलों. वूलमननें बरोबर चांदीचीं लहान नाणीं घेतलीं होतीं. निघतांना तो यजमानाला बाजूला घेई, तुम्हांला योग्य वाटेल त्या दासांना हे द्या म्हणून पैसे त्याच्या हातीं ठेवी, किंवा स्वतःच त्या दासांना देई. हें करतांना त्याला अतिशय संकोच वाटे. धनिकांच्या घरांत अशी गोष्ट करणें व्याख्यान देण्याहून किती अवघड आहे, हें ज्यानें कधीं प्रतिष्ठित मंडळींच्या पंगतींत एखादें पक्वान्न तत्त्वासाठीं नाकारलें असेल त्यालाच कळेल.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १७५८ सालीं, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेंत हा प्रश्न निघाला. पुष्कळांचें मत प्रश्न लांबणीवर टाकावा असें होतें. वूलमन बराच वेळ गप्प बसला आणि मग थोडेंच बोलला. सभेनें गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारांत भाग घेण्यास बंदी केली, आणि मालकांच्या घरोघर जाऊन त्यांच्याशीं बोलण्यासाठीं कांहीं जणांना नेमलें. त्यांत वूलमन होता. गुलाम बाळगणाऱ्याला पंथांत जागाच नाहीं, हा निर्णय व्हावयास मात्र १७७६ साल उजाडलें. अँथनी बेनेझेट या शिक्षकाचा व इतर अनेकांचा या कामांत वाटा आहे. सर्व श्रेय एकट्या वूलमनला देणें इतिहासाला धरून होणार नाहीं.

आणि त्याचे हात तरी सर्वस्वीं स्वच्छ होते काय? त्यानेंच लिहून ठेवलें आहे कीं, एका मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून, दुसऱ्या व्यवस्थापकाबरोबर, त्यानें एका आफ्रिकन मुलाला तिसाव्या वर्षापर्यंत चाकरी करण्याच्या बोलीनें विकलें होतें. इतर मुलांची उमेदवारी एकविसाव्या वर्षीं संपे. म्हणजे या मुलाचीं नऊ वर्षें जास्त गेलीं. पुष्कळ वर्षांनीं ही गोष्ट त्याला जाळूं लागली. विकणारे दोघे होते. तेव्हां अर्धा दोष आपला, असा हिशेब करून त्यानें शेवटच्या साडेचार वर्षांची योग्य किंमत मालकाला भरून देण्याचें बंधपत्र स्वतःवर व आपल्या वारसांवर लिहून दिलें. पश्चात्तापाचा असा वर्षा-महिन्यांचा हिशेब मांडलेला मीं दुसरीकडे वाचला नाहीं.

उतारवयांत त्याच्या वर्ज्य वस्तूंची यादी वाढत गेली. वेस्ट इंडीज बेटांतली साखर गुलामांच्या हातची म्हणून त्यानें सोडली. आपल्या चहाच्या पेल्यांत पडणारा चमचा कोणत्या शेतांतून व कोणाच्या हातांतून आला, असें आपण सकाळीं विचारीत नाहीं. विचारूं लागलों तर चहा निवून जाईल. वूलमन विचारीत बसे. रंगविलेलें कापडहि त्यानें टाकलें. आपल्याकडे गृहिणींना मळखाऊ रंगाचें मोठें कौतुक. वूलमनचा आक्षेप नेमका त्या मळखाऊपणालाच होता. मळ झांकण्यासाठीं खर्च करण्यापेक्षां कापड धुवावें, हें त्याचें म्हणणें. १७६२ च्या सुमारास तो नैसर्गिक रंगाची फरची टोपी घालूं लागला, तर नेमकी त्याच वेळीं पांढऱ्या टोप्यांची फॅशन निघालेली! साधेपणासाठीं घेतलेली टोपी लोकांना नखरा वाटली आणि कांहीं स्नेही त्याला टाळूं लागले. या विक्षिप्तपणाबद्दल त्याला हंसणारे पुष्कळ भेटतात. सगळ्याच गोष्टींत तो मलाहि पटतो असें नाहीं. पण ज्याला त्या विक्रीखताची गोष्ट ठाऊक आहे त्याला नुसतें हंसून सुटतां येत नाहीं.

१७७२ च्या मे महिन्यांत तो इंग्लंडास निघाला. जहाजाच्या उतारूंच्या खोलीवर नक्षीकाम होतें. त्या चैनीचे पैसे देणें नको म्हणून त्यानें खलाशांच्या कोंदट जागेंत साडेपांच आठवडे काढले, आणि त्यांचे हाल जवळून पाहिले. लंडनच्या वार्षिक सभेंत हा पांढऱ्या कपड्यांतला मनुष्य पाहून प्रतिष्ठित क्वेकर चपापले. तुम्हीं आतां घरीं परत गेलांत तर चालेल, असेंहि कोणीं सुचविलें म्हणून सांगतात. तेथून तो उत्तरेकडे निघाला, तो पायीं. चोवीस तासांत शंभर मैल जाणाऱ्या टपालगाड्यांपायीं घोडे मरत, आणि हिवाळ्याच्या रात्रीं गाडीवरचीं पोरें गारठून मरत. म्हणून तो गाडींत बसेना, त्या टपालानें पत्रहि पाठवीना. वाटेंत त्यानें मजुरीचे दर टिपले आहेत: लंडनकडच्या कांहीं परगण्यांत मजुराला दिवसाला दहा पेन्स, आणि गव्हाचा भाव बुशेलला आठ शिलिंग. कित्येक गरीब कुटुंबें भाकरी-पाण्यावर राहतात, हेंहि त्यानें तेथेंच लिहिलें आहे.

यॉर्कला पोहोंचल्यावर त्याला देवी आल्या. एका क्वेकर कुटुंबानें त्याची शुश्रूषा केली, आणि ७ ऑक्टोबर १७७२ रोजीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, तो तेथेंच वारला. अखेरच्या दिवसांत त्यानें आपल्या अंत्यविधीची व्यवस्था सांगून ठेवली होती. पेटी साध्या ॲश लांकडाची असावी, देह स्वस्त फ्लॅनेलमध्यें गुंडाळावा, आणि त्याचा तसेंच थडगें खणण्याचा खर्च कोणावर पडूं नये म्हणून आपले अंगावरचे कपडे द्यावे. ते बिनरंगी कपडे त्याप्रमाणें देऊन टाकण्यासाठीं त्यानें मागें ठेवले.