दाखला घेऊन निघालेली माणसे

दर वर्षी पाचवीच्या मुलांना मी एक काम देते. घरी जाऊन पणजोबा आणि पणजी यांची नावे विचारून आणा. पणजोबांचे नाव निम्मी मुले आणतात, पणजीचे दोन-तीनच. जहाजाचे नाव कुणीच आणत नाही. मुलांना काय बोलणार? माझ्या स्वतःच्या पणजीचे नाव मला चाळिशी उलटल्यावर कळले.

म्हणूनच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या घराण्याची हकीगत वाचताना मी थबकले. हे पुढे क्वेकर पंथात आलेले शेतकऱ्यांचे घराणे. मूळ पुरुष आंद्रेआस हूबर १७३८ साली जर्मन मुलखातून फिलाडेल्फियाला उतरला. पेनसिल्व्हेनिया, मग मेरीलंड, मग उत्तर कॅरोलिनात उव्हारी नदीकाठी त्याने जमीन कसली. १८०० नंतर थोड्याच वर्षांत त्याचा मुलगा जॉन बायकामुलांसह ओहायोतील मायामी परगण्यात गेला. १८५४ मध्ये तिथून पुढची पिढी आयोवात वेस्ट ब्रँच येथे आली. हर्बर्ट तिथे १८७४ साली जन्मला. दहा वर्षांचा होण्याआधीच आईबाप दोघेही गेले आणि १८८५ मध्ये त्याला ओरेगनला मामाकडे धाडले, म्हणजे देशाच्या पार पश्चिम टोकाला. दीडशे वर्षे हे घराणे टप्प्याटप्प्याने मावळतीकडे सरकत राहिले.

साध्या कुणब्यांसारख्या माणसांची वाट इतकी नेमकी सापडते कशी? उत्तर त्यांच्या सभेच्या वह्यांत आहे. क्वेकर स्वतःला मित्र-समाज म्हणवतात. दर गावची किंवा पंचक्रोशीची महिन्याची सभा भरे आणि तिचे इतिवृत्त लिहिले जाई. जन्म, मृत्यू, लग्न सारे त्यात. लग्नाच्या पत्रावर हजर असलेले सगळे सही करत, त्यामुळे एका कागदावर सारी सोयरीक सापडते. कुटुंब गाव सोडताना सभेकडून स्थलांतराचा दाखला मागून घेई. माणसे चांगल्या चालीची आहेत, देणी फिटली आहेत, अविवाहिताने कुणाला लग्नाचा शब्द दिलेला नाही, एवढे तपासून सभा तो दाखला नव्या गावच्या सभेला उद्देशून देई. तिकडे पोचल्यावर तो वहीत नोंदला जाई. या दोन नोंदी जुळल्या की वाट जुळते. बायकांची सभा वेगळी भरत असे, तिची वही वेगळी. म्हणून तिथे आयाबहिणींची नावेही टिकली. हे वाचून मला हेवा वाटला, खोटे कशाला सांगू.

शोधणाऱ्याला तिथेही ठेचा लागतात. महिन्यांची नावे रोमन देवांवरून आलेली म्हणून क्वेकर ती वापरत नसत, पहिला महिना, दुसरा महिना असे लिहीत. १७५२ पूर्वीचा पहिला महिना मात्र मार्च! तो जानेवारी धरला की सगळा हिशेब चुकतो. आणि पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल काढून टाकलेल्यांची नोंदही वहीत असते. ज्याला वाळीत टाकले, त्याचाच माग कधीकधी जास्त ठळक मिळतो.

त्यांनी कॅरोलिना सोडण्याचे एक मोठे कारण गुलामगिरी होते. काही क्वेकरांनी स्वतःही गुलाम बाळगले होते. १७७६ मध्ये उत्तर कॅरोलिनाच्या वार्षिक सभेने त्यांना मुक्त करायला सांगितले, पण तिथला कायदा आडवा येई. ओहायो नदीच्या उत्तरेला १७८७ च्या वटहुकमाने गुलामगिरीला बंदी होती, म्हणून गाड्या तिकडे वळल्या. अर्थात ती जमीनही रिकामी नव्हती. १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने ती मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, आणि मायामी हे नाव त्यांच्यातल्याच एका जमातीचे. हे सांगितल्याशिवाय त्यांचे कौतुक मी वर्गात करत नाही.

आपल्या बेटाशीही त्यांचा संबंध आला आहे. १८३८ मध्ये जेम्स बॅकहाउस हा क्वेकर मॉरिशसला येऊन गेला आणि त्याने प्रवासवर्णन छापले. १८३९ साली इंग्लंडात गुलामगिरीविरोधी संस्था उभी राहिली, तिच्यात जोसेफ स्टर्जसारखे क्वेकर पुढे होते. भारतातून मजूर नेण्यालाही त्या संस्थेने विरोध केला. काही काळ ही वाहतूक बंद राहिली, १८४२ च्या कायद्याने पुन्हा खुली झाली.

आमच्या पूर्वजांच्या हाती सभेचा दाखला नव्हता. होता तो सरकारी क्रमांक. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्यांत नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज लिहिलेले असते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही फोटोचे तिकीट जवळ बाळगावे लागे. ते माणूस ओळखायला नव्हे, पकडायला केले होते, तरी आज आपल्याला तेच उपयोगी पडते. माझ्या पणजोबांचा क्रमांक मिळाला, पण गावाचे नाव इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेले. रत्नागिरीचे रुत्नाघेरी झालेले मी ओळखले, त्यापुढचा शब्द मात्र लागेना. शेवटी तो मोठ्याने चार वेळा म्हणून पाहिला. थोरल्या आत्याने माजघरातून हाक मारली, "अगं, हे तर आमची आजी सांगायची ते गाव!" पणजीचे नाव तिच्याकडूनच मिळाले. त्याआधी कुणी विचारलेच नव्हते म्हणे.

क्वेकरांच्या विखुरलेल्या वह्या एकत्र छापायचे काम विल्यम वेड हिनशॉ याने हाती घेतले. तो इतिहासकार नव्हता, आयोवात जन्मलेला ऑपेराचा गायक होता. पहिला खंड १९३६ साली निघाला, तोही उत्तर कॅरोलिनाचाच.

मी वर्गाच्या कपाटात जाड पुठ्ठ्याची वही ठेवली आहे. मुले घरून येतात तशी नावे लिहितात, ज्याला जे कळले तेवढेच. डाव्या पानावर पणजोबा, उजव्यावर पणजी. या सत्रात डावीकडे सतरा नावे झाली, उजवीकडे सहा. सातवे सोमवारी येणार आहे, त्या मुलाची आजी देवळातून परतली की सांगणार आहे.