'वैताग आलाय' म्हणजे नेमकं काय? राग, कंटाळा आणि वैताग यांत फरक काय?

लोकल उशिरा आली, ओटीपी येता येत नाही आणि फॅमिली ग्रुपवर सकाळपासून 'शुभ सकाळ'चे सतरा फोटो येऊन पडलेत. अशा वेळी स्टेटसला दोनच शब्द पडतात : 'वैताग आलाय'. वाचणाऱ्याला मात्र कधी वाटतं समोरचा चिडलाय, कधी वाटतं बोअर झालाय. खरं तर दोन्ही नाही.

राग एका क्षणात येऊ शकतो. वैतागाला वेळ लागतो. तोच त्रास पुन्हा पुन्हा झाला आणि त्यावर आपलं काही चालत नाही हे कळलं, की वैताग येतो. कॉल सेंटरने पहिल्यांदा होल्डवर ठेवलं तर राग येतो, पाचव्यांदा ठेवलं की वैताग.

हा फरक व्याकरणातही दिसतो. आपण कोणा'वर' रागावतो, पण कोणा'ला' वैतागतो. 'मी त्याच्यावर वैतागलो' असंही हल्ली ऐकू येतं, पण तिथे वैताग बाहेर काढलाय, म्हणजे ओरडणं झालंय. 'मी त्याला वैतागलोय' यात ओरडणं नाही, सहन करून झालेलं आहे. कंटाळणेही असंच 'ला' घेतं. पण काहीच घडत नसेल तरी कंटाळा येतो. वैताग यायला कुणीतरी किंवा काहीतरी छळावं लागतं.

जुन्या मराठीत 'वैताग घेणे' असाही प्रयोग होता. अर्थ : संसाराला विटून घरदार सोडून निघून जाणे, जवळपास बैरागीच होणे. आज तो प्रयोग सहसा कानावर पडत नाही, पण त्याची खूण उरली आहे. 'वैतागून नोकरी सोडली', 'वैतागून ग्रुपमधून बाहेर पडली' ही वाक्यं पाहा. 'वैतागून'च्या पुढे बहुतेक वेळा काहीतरी सोडणंच येतं.

बोलीत याची भावंडं बरीच. 'डोक्यात जाणे' हे माणसासाठी : 'तो जाम डोक्यात जातो'. 'डोक्याला ताप' हा कामाचा किंवा माणसाचा, दोन्हींचा. 'चिडचिड' स्त्रीलिंगी, ती आपली आपल्यालाच होते, कधी नुसत्या भुकेनेही. आणि परिस्थितीच तशी असेल तर 'काय वैतागवाडी आहे!'

एका ठिकाणी मात्र शब्द जपून वापरायला हवा. 'सासरच्या छळाला कंटाळून' अशा बातम्यांचे मथळे नेहमी दिसतात. छळाचा 'कंटाळा' येत नाही, आणि 'वैतागून' लिहिलं तरी तो छळ हलकाच वाटतो. तिथे 'छळ असह्य झाल्याने' असं सरळ लिहिता येतं.

चॅटमध्ये मुलगी 'वैतागलेय' लिहिते, मुलगा 'वैतागलोय'. मैत्रिणीचा असा मेसेज आला तर 'माझ्यावर चिडलीस का?' असं विचारू नका. 'काय झालं गं?' एवढं पुरतं.