३ ऑगस्ट १९७७ : खणलेला डोंगर पुन्हा रचा!

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी या दिवशी उघड्या कोळसा खाणींना लगाम घालणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यांच्याआधीच्या जेराल्ड फोर्ड यांनी अशी विधेयके दोनदा अडवली होती.

अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत तोवर अनेक ठिकाणी रीत एकच : डोंगर खरवडायचा, कोळसा न्यायचा, दगडमाती उतारावर लोटायची आणि गाशा गुंडाळायचा. १९७२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक येथे कोळसा खाणीच्या गाळाचा बांध फुटून १२५ जण दगावले. लोकांचा संताप वाढला.

नव्या कायद्यानुसार परवाना हाती पडण्याआधी खाणमालकाने अनामत भरायची. कोळसा काढून झाला की जमिनीला जवळपास मूळचा चढउतार द्यायचा, वेगळी राखलेली वरची माती पुन्हा पसरायची, हिरवळ रुजवायची. मगच ती अनामत पूर्ण सुटणार. जुन्या बेवारस खाणींच्या डागडुजीसाठी उघड्या खाणीतल्या कोळशावर टनामागे ३५ सेंट आकारही बसला. सगळ्यांत शहाणपणाची तरतूद हीच.

मेख मात्र राहिलीच. डोंगराचा माथा उडवून सपाटी करायला काही अटींवर मुभा होती, आणि ती पळवाट पुढे चांगलीच रुंदावली. कायद्याविरुद्ध खाणमालक न्यायालयातही गेले. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.