संगमावरची शिवरात्र, १९३७

सावद्याच्या रस्त्यावर केळ्यांनी भरलेले ट्रक एकामागे एक उभे आहेत. ते नजरेआड करा. डांबर काढून टाका, तारा आणि खांब उतरवा, मोबाइल तर आधी विसरा. आता मार्च १९३७ आहे, माघ वद्य चतुर्दशीची पहाट. शिवारात केळीच्या बागा आहेत, पण आजच्यासारखी नजर जाईल तिथवर केळीच केळी नाही. कापूस आणि ज्वारीची मोकळी झालेली रानं मध्ये पसरली आहेत. अंधारात घुंगरमाळा वाजतात आणि एक दमणी तुमच्याजवळ येऊन थांबते.

"कुठी जाऊ राह्यले?" गाडीवान विचारतो.

"चांगदेवले," तुम्ही म्हणता. जिभेवर हा "ले" आपोआप येतो.

"मंग बसा."

गाडीत एक आजी, तिची सून, दोन पोरं आणि फडक्यात बांधलेली रताळी, शेंगदाणे, खजूर. आज उपास. पोरांना मात्र आतापासूनच खजूर हवा आहे. आजी त्यांना बेलाच्या पानांची टोपली सांभाळायला देते, म्हणजे हात गुंतलेले राहतील.

वाटेत बोलणं निघतं ते फैजपूरचं. गेल्या डिसेंबरात इथून हाकेच्या अंतरावर काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेडेगावात भरलेलं पहिलं. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी त्यासाठी राबले, साने गुरुजींनी गावोगाव फिरून माणसं उभी केली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, गांधीजीही आले होते, आणि नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांतून अधिवेशनासाठी उभारलेलं अख्खं टिळकनगर सजवलं होतं. गाडीवानाने ते बांबूचे दरवाजे डोळ्यांनी पाहिलेत. "आपल्याच रानातला बांबू," तो म्हणतो, आणि त्याची मान जरा ताठ होते. याच सावद्यात १८५२ साली सरकारी मोजणीविरुद्ध हजारो शेतकरी जमले होते, त्यांना पांगवायला फौज आणावी लागली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज या वाटेवर गाड्या हाकताहेत.

तापी येते तेव्हा उजाडलेलं असतं. पात्र आक्रसलेलं आहे, वाळूत टरबुजांच्या वाड्या हिरव्यागार. हे पाणी नीट पाहून घ्या. १९८२ साली खालच्या अंगाला हतनूर धरण पुरं होईल, पाणी मागे तुंबत येईल आणि संगमाचं रूप पालटेल. आज मात्र तापी आणि पूर्णा आपापल्या काठांमध्ये वाहत एकमेकींना भेटतात. नावेत चढताना सून साडीचा काठ वर खोचते. आजी आधी पाण्याला हात लावते, तो कपाळाला लावते, मगच पाय टाकते. तुम्हीही तसंच करा. इथे कुणी सांगत नाही, बघून शिकायचं असतं.

चांगदेवाचं मंदिर दगडी, हेमाडपंती, कोरीव कामाने भरलेलं. दर्शनाची रांग नावालाच आहे, खरी ती रेटारेटी. ओल्या कपड्यांचा, बेलाचा, उदबत्तीचा आणि घामाचा मिळून एक वास येतो. तांब्यातलं तापीचं पाणी ओतायला पाळी येते तेव्हा मागून कुणाचा तरी हात तुमच्या खांद्यावरून पुढे येतो आणि दोघांचं पाणी एकदमच पडतं.

पण या यात्रेचं खरं मर्म कोथळीत आहे. एकादशीपासूनच खानदेशातून, वऱ्हाडातून, निमाडातून दिंड्या उतरताहेत, आणि त्यांना गाठायची आहे ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताई. चांगदेवाची गोष्ट आजीची गाडीतच पोरांना सांगून झाली होती: चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीला निघालेला. त्याआधी पत्र लिहायला बसला तर मायना सुचेना, कागद कोराच धाडला. मुक्ताई म्हणाली, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. त्याच कोऱ्या पत्राला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, ती चांगदेवपासष्टी. पुढे त्या महायोग्याने गुरू केलं ते या मुलीला. १२९७ च्या वैशाखात, याच तापीच्या काठी, वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली, असं वारकरी सांगतात. परंपरेने तिचं वय तेव्हा अठराच भरतं.

मला या सगळ्या यात्रेत सर्वांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. कोथळीच्या देवळात शिरताना जरा बाजूला उभे राहा आणि बायकांकडे बघा. सत्तरी गाठलेली आजी ओट्यावर कपाळ टेकवते आणि अठरा वर्षांच्या मुलीला "आई" म्हणते. नुसती म्हणत नाही, तक्रार सांगते: गुडघे दुखतात, धाकट्याच्या घरी पाळणा हलला नाही, औंदा कापसाला भाव आला नाही. शेजारी टाळ-मृदंगाच्या गजरात कुणाला काही ऐकू जात नाही, म्हणूनच ती मोकळेपणी बोलते. चांगदेवासारख्याने मान तुकवली ती ज्ञानापुढे. या बायकांना त्या ज्ञानाशी फारसं देणंघेणं नाही. त्यांना हक्काने बोलायला एक लेक-आई सापडली आहे. आणि ती सहाशे चाळीस वर्षं ऐकतेच आहे.

रात्र जागरणाची. चंद्र नाही, कंदील आणि चुलाणं तेवढी. भजनाच्या फडात बसलात तर पहाट कधी झाली ते कळणार नाही.

पारण्याला बट्टी. गव्हाच्या जाडसर पिठात थोडं मक्याचं पीठ, ओवा, मीठ, तेलाचं मोहन. मुठीएवढे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरलेले. गाडीवान एकेक गोळा काडीने बाहेर ओढतो, पोत्यात घालून दोघे दोन टोकांनी हलवतात, राख झडते. वरची साल करपून तडकलेली, आतून वाफ. आजी ती हातांनीच फोडते, बोटं भाजत नाहीत तिची. पळसाच्या पत्रावळीत बट्टीचा चुरा, त्यावर तुरीचं वरण, वर तुपाची धार, कडेला वांग्याची तिखट भाजी. एकावर थांबायची सोय नाही.

"अजून एक घ्या," ती म्हणते, आणि तुम्ही नको म्हणायच्या आत फोडतेसुद्धा. वरण ओतता ओतता विचारते, "आषाढीले पालखीसंगं पंढरीले येता का?"

मुक्ताईची पालखी इथूनच निघते आणि पंढरपूरला पोचायला महिनाभर चालावं लागतं. आजी दरसाल जाते. यंदाही जाणार, गुडघ्यांचं काय ते आईला सांगून झालंय.