विद्यार्थ्यांच्या खर्चाचा हिशेब संगणकावर

नागपूरच्या नंदनवन परिसरात कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून आहे. अशा महाविद्यालयांत बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे शुल्काबरोबरच राहण्या-जेवणाच्या खर्चाचाही प्रश्न असतो. प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्यास हा खर्च मोजणारा छोटा प्रोग्रॅम लिहिणे हा उत्तम सराव होय. मात्र त्यासाठी आकड्यांची नुसती बेरीज पुरेशी नाही.

प्रथम खर्चाची विभागणी करावी. अनामत रक्कम व पुस्तके हा एकदाचा खर्च, तर खोलीभाडे, मेस व प्रवास हा दरमहाचा. उदाहरणादाखल तिघांनी मिळून सहा हजार रुपये भाड्याची खोली घेतली, तर प्रत्येकाचा वाटा २,००० रुपये. मेसचे ३,००० आणि इतर १,००० धरल्यास महिन्याला ६,००० व दहा महिन्यांचे ६०,००० रुपये होतात. अनामतीचा वाटा २,००० आणि पुस्तकांचे ४,००० मिळवल्यास एकूण ६६,०००. सरासरी महिना ६,६०० चा; प्रत्यक्षात पहिल्याच महिन्यात १२,००० लागतात. वडिलांना पैशांची तजवीज करावी लागते ती या आकड्याची. म्हणून प्रोग्रॅमने एकूण बेरजेसोबत महिनावार तक्ताही दाखवावा.

मिळणारी मदतही अशीच मांडावी. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी भोजन ३२,०००, निवास २०,००० व निर्वाह ८,००० असे वार्षिक ६०,००० रुपये ठरविण्यात आले. ही रक्कम बारा महिन्यांत समान न वाटता, ज्या महिन्यात खात्यात जमा होईल त्याच महिन्यात धरावी. तेव्हाच तूट कोणत्या महिन्यात पडते ते कळते.

पायथन भाषेत नवशिक्याची हमखास होणारी चूक म्हणजे वापरकर्त्याने टंकित केलेला आकडा मजकूर म्हणून राहणे. मग २००० व ३००० यांची बेरीज ५००० न होता २०००३००० अशी जोडणी होते. यासाठी मजकुराचे आधी संख्येत रूपांतर करावे. रिकामी जागा, ऋण संख्या आणि खोलीतील सोबत्यांची संख्या शून्य असणे, यांचीही तपासणी हवी. शून्याने भागताच प्रोग्रॅम थांबतो.

शेवटी वरील उदाहरण कागदावर सोडवून उत्तर ताडून पाहावे. पहिल्या महिन्याचे १२,००० व एकूण ६६,००० जुळले, तरच तो हिशेब दुसऱ्याच्या हाती द्यावा.