कायगाव, टोका आणि कराची

छत्रपती संभाजीनगराहून नगरकडे निघालेली एस.टी. गोदावरीच्या पुलावर चढते तेव्हा अलीकडचे कायगाव आणि पलीकडचे टोका ही दोन गावे, ज्यांची नावे लोक जोडनावासारखी एकाच दमात उच्चारतात, खिडकीतून इतक्या झपाट्याने मागे सरतात की, याच पात्रात एकेकाळी एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे, ही गोष्ट प्रवाशाच्या ध्यानीमनीही येत नाही. कायगाव निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यातले, टोका इंग्रजांच्या नगर जिल्ह्यातले. नदी एकच आणि दोन्ही काठांवरचे लोक तिला गंगाच म्हणत. पण या काठावर ओंजळीत घेतलेले पाणी मोगलाईतले ठरे आणि त्या काठावरचे इंग्रजीतले. दिल्लीची बादशाही लयाला जाऊन कैक वर्षे लोटली, तरी निजामाच्या मुलखाला पुण्या-नगराकडची माणसे ‘मोगलाई’च म्हणत राहिली, आणि बेबंद कारभार दिसला की ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे?’ असे जे आपण आजही सहज विचारतो, त्यात शेजाऱ्याविषयीचा थोडासा अन्यायही मुरलेला आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

ही सीमा ओलांडण्यासाठी काय लागत असे, हा प्रश्न आजच्या माणसाला पडला तर त्याच्या डोळ्यांपुढे साहजिकच निळ्या पुठ्ठ्याचे पारपत्र उभे राहील. आपल्या भाषेत त्या आधी दस्तक होते, परवाना होता, राहदारी होती. राहदारी हा मूळचा वाटेवरचा कर. पुढे तो भरल्याचा किंवा माफ झाल्याचा जो कागद, त्यालाही तेच नाव मिळाले. ज्याने १६५३ च्या सुमारास औरंगाबाद शहराला आपले नाव दिले, त्याच औरंगजेबाने तख्तावर आल्यावर आरंभीच्या काही वर्षांतच राहदारी रद्द केल्याचे फर्मान काढले. जागीरदारांनी आणि चौक्यांवरच्या शिपायांनी ते किती पाळले, हा प्रश्न निराळा. एवढे मात्र खरे की, दस्तक असो वा राहदारी, ती विचारी बैलाच्या पाठीवर काय लादले आहे हे. बैलामागून चालणारा कोण, कुठला, कोणाचा रयत, हे तिला क्वचितच ठाऊक करून घ्यावेसे वाटे.

निजामाच्या राज्यातल्या जकात खात्यालाही हेच लागू होते. त्या खात्याचे नाव करोडगिरी. अकबराच्या काळी कोटी दामांची वसुली ज्याच्याकडे, त्या अंमलदाराला करोडी म्हणत, त्यावरून हा शब्द रुळला असे मानतात. १८०२ साली कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात व्यापारी तह होऊन मालावर शेकडा ५ टक्के जकात ठरली, आणि मनमाडहून औरंगाबादेकडे येणारी छोट्या रुळांची आगगाडी १९०० साली सुरू झाल्यावर तर बैलांच्या तांड्यांबरोबर उतारूंच्या पेट्याही तपासाखाली आल्या. नगरसूल सोडून गाडी रोटेगावाकडे शिरली की राज्य बदले. त्या काळच्या माणसांच्या आठवणींत करोडगिरीचा शिपाई हा एखाद्या नाटकातल्या ठरीव पात्रासारखा येतो: लग्नाचे बस्ते बांधून परतणाऱ्या वऱ्हाडाच्या ट्रंका तो उघडायला लावतो, घडी न मोडलेल्या शालूवर बोट ठेवतो, किंमत विचारतो, घरातली वडीलधारी बाई ‘नेसूचे आहे हो, विकायचे नाही’ म्हणून गयावया करते, आणि अखेर जकात तरी भरली जाते किंवा चिरीमिरी तरी. चीड येई, खोळंबा होई, पण शालू आणणारी बाई तिकडची की इकडची, हा मुद्दाच निघत नसे. सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांवर होतच राहिल्या.

माझ्या टेबलाच्या खणात निजामाच्या हाली सिक्क्याचा एक रुपया पडून आहे. त्यावर राजाचा मुखवटा नाही. चारमिनार आहे, आणि मधल्या कमानीत, दारात पणती ठेवावी तसे, ‘ऐन’ हे एकच अक्षर आहे, निजाम उस्मान अली याच्या नावाचे आद्याक्षर. या रुपयाची पत नदीच्या पलीकडे पोहोचेपर्यंत उतरे. इंग्रजी राज्याचा रुपया तो कलदार. शंभर कलदारांचे हाली एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै, म्हणजे सहाला सात, हा हिशेब सीमेवरच्या सराफाला आणि बाजारकरणीला सारखाच पाठ. वर्षेही दोन: नगरला १९३८ चालू असे तेव्हा औरंगाबादच्या कचेरीत फसली १३४७ संपून १३४८ लागलेले असे. पोस्टाची तिकिटे निराळी, दरबारची भाषा उर्दू. एवढ्या सगळ्या वेगळेपणाच्या मध्ये एका गोष्टीचा अभाव आज ठळक जाणवतो, तो म्हणजे नदी ओलांडणाऱ्या सामान्य माणसाच्या नावाच्या कागदाचा.

माणसाची छाननी या राज्यात होत नव्हती असा मात्र याचा अर्थ नव्हे. ती सीमेवर न होता आत, कचेरीच्या दारात होई. सरकारी नोकरीसाठी ‘मुलकी’ असावे लागे. बाहेरचा तो ‘गैरमुलकी’, आणि मुलकीपणाचा दाखला मिळवणे हा एक व्यवसायच होऊन बसला होता. परदेशगमनाची गोष्ट आणखी चमत्कारिक. संस्थानची प्रजा ही इंग्रजांची प्रजा नव्हे, आणि बसऱ्याच्या किंवा लंडनच्या दृष्टीने निजामाचे राज्य हे स्वतंत्र राष्ट्रही नव्हे. म्हणून औरंगाबादच्या माणसाने आगबोटीने जायचे ठरवले तर त्याच्या पारपत्रावर ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ अशी नोंद होई. ज्याचे संरक्षण आपण कधी मागितले नाही, त्याच्या छत्रीखाली उभे राहिल्याविना बंदर सुटत नसे.

आणि राजकारणाच्या बाबतीत तर ही सीमा उलट्या दिशेने उपयोगी पडली. निजाम सरकारच्या हुकमांनुसार सभा-संमेलनांना पूर्वपरवानगी लागे. ती मिळण्याची आशा नसल्याने हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने काकिनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) आणि अकोला (१९३१) अशी सगळी हद्दीबाहेरच भरली. आपल्या घरातल्या अडचणींची चर्चा करायला शेजाऱ्याच्या ओसरीवर जमावे, तसा हा प्रकार. त्यातही अकोला हे वऱ्हाडातले, म्हणजे कागदोपत्री निजामाच्याच मालकीचे आणि १९०२ च्या करारान्वये इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने गेलेले! पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला, ते लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोहोचले, मुलांची नावे पटावरून कमी झाली, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्याकडे सामावून घेतले. ती मुले नागपूरला गेली ती कोणत्याही पारपत्राविना, आगगाडीचे तिकीट काढून.

१९४७ च्या ऑगस्टनंतर ही मोकळीक संपली. संस्थान भारतात सामील होत नाही, आणि भारताच्या पोटातून बाहेरही जाऊ शकत नाही, अशा त्या तेरा महिन्यांत नाक्याला प्रथमच खऱ्या सरहद्दीचे रूप आले. २९ नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार कागदावर राहिला. भारताकडून येणाऱ्या मालाची वाट रोखली गेली, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भयाने गावेच्या गावे मनमाड, नगर, बार्शी, सोलापूर या बाजूंना सरकली, आणि तिथे उभ्या राहिलेल्या सरहद्द कँपांतून लढ्याच्या कार्यकर्त्यांनी ज्या ठिकाणांवर पहिले हल्ले केले, त्यांत करोडगिरीचे नाके अग्रभागी होते. एका पिढीने ज्या शिपायापुढे ट्रंक उघडली, तिच्या पुढच्या पिढीने त्याची चौकी जाळली. भारतीय फौजांच्या ‘पोलीस कारवाई’पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. १ एप्रिल १९५० रोजी आर्थिक एकीकरण झाले. हाली रुपया, फसली साल, करोडगिरी ही एकामागून एक गेली. आणि १९५६ साली संस्थानच नकाशावरून उठून मराठवाडा मुंबई राज्यात आला. कायगाव आणि टोका यांच्यामध्ये केवळ पाणी उरले.

इथे एरवी हा इतिहास संपायचा. परंतु गंगेवरची सीमा पुसली जात असतानाच दुसरी एक सीमा, औरंगाबादेहून शेकडो कोस दूर सिंधच्या वाळवंटात आखलेली, या शहराच्या मोहल्ल्यांत येऊन पोहोचत होती. पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात मुसलमानांवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि तो अहवाल दीर्घ काळ बंदिस्त राहिला. त्या भयाने, नोकऱ्या गेल्याने, किंवा आधीच निघालेल्या भावामागून, अनेकांनी मुंबईची आगबोट किंवा सिंधच्या सीमेवरील खोखरापारची गाडी धरून कराची गाठली. औरंगाबादेत राहून वर्षानुवर्षे उर्दूच्या कोशाचे आणि संशोधनाचे काम करणारे मौलवी अब्दुल हक त्यांच्या अंजुमन या संस्थेसह दिल्लीमार्गे कराचीलाच गेले. १९२६ साली या शहरात जन्मलेले कवी हिमायत अली शायर १९५१ मध्ये गेले. नामवंतांच्या या दोन नावांमागे जी बिननावाची घरे रिकामी झाली, त्यांचा ठाव पाहायचा तर जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘कस्टोडियन’ हा शब्द किती सहजपणे येतो ते ऐकावे. देश सोडून गेलेल्यांची मालमत्ता ताब्यात घेणारा तो अधिकारी. पण बोलण्यात तो ऋतूसारखा येतो, ‘कस्टोडियन आला’, ‘कस्टोडियनमध्ये गेले’.

जाणाऱ्याला वाटे, हे मुंबईला जाण्यासारखेच आहे. स्थिरस्थावर झाले की परत येऊ. पण भारत सरकारने जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सुरू केले होते, पाकिस्ताननेही त्याच वर्षी ऑक्टोबरात तोच मार्ग धरला. परमिटांचेही प्रकार: तात्पुरत्या भेटीचे वेगळे, वारंवार ये-जा करण्याचे वेगळे, कायमच्या परतीचे वेगळे. हे शेवटचे मिळणे सर्वांत दुष्कर, आणि नेमके त्याच्यावरच सारे अवलंबून. कारण १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला मनुष्य कायमच्या परतीच्या परमिटावर आला तरच नागरिक, एरवी नाही, असे संविधानाच्या सातव्या अनुच्छेदाने ठरवून टाकले. आजारी आईला पाहण्यासाठी जो घाईघाईने तात्पुरते परमिट घेऊन आला, त्याने आपल्याच सहीने आपण पाहुणे असल्याचे मान्य केले होते.

१५ ऑक्टोबर १९५२ पासून परमिटाची जागा पारपत्राने आणि व्हिसाने घेतली. काही काळ तर केवळ याच दोन देशांत चालणारे एक खास पारपत्र निघाले होते, जगात अन्यत्र कुठेही निरुपयोगी. भाऊबंदकीसाठी छापलेले असे पारपत्र दुसरे क्वचितच असेल. न्यायालयांनी काही ठिकाणी हात दिला. इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या १९५४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, परमिटाविना आलेल्या भारतीय नागरिकाला सरकारच्या मर्जीने हद्दपार करणारे कलम घटनाबाह्य ठरवले. परंतु १९५६ च्या नागरिकत्व नियमांनी, परदेशी पारपत्र घेतले की ते स्वेच्छेने नागरिकत्व बदलल्याचा निर्णायक पुरावा, असा दंडक घातला आणि १९६२ साली न्यायालयाने तो उचलूनही धरला. घरी परतण्यासाठी दुसरा कागद मिळत नाही म्हणून ज्याने पाकिस्तानचे पारपत्र घेतले, त्याची ‘स्वेच्छा’ त्या कागदाच्या पहिल्या पानावरच सिद्ध झाली.

पुढे १९७४ चा व्हिसा करार आला. त्यात व्हिसा देशाचा नव्हे, ठरावीक शहरांचा. कराचीचा चुलता पुतणीच्या लग्नाला येई तो हातात मिठाईचा डबा आणि खिशात व्हिसा घेऊन, आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायला जाई, बरोबर घरचा कोणी जबाबदार माणूस; मग तोच शहराबाहेर, खुलताबादच्या दर्ग्यापर्यंत जाऊन यावे की नाही याचा घोर करत बसे, कारण कागदावर केवळ औरंगाबाद लिहिलेले. ज्या मोहल्ल्यात तो विटीदांडू खेळला, तिथे त्याला आपल्या येण्याची वर्दी द्यावी लागे. १९६५ च्या युद्धाने खोखरापारची रेल्वे तुटली. १९९४ च्या अखेरीस कराचीतील भारतीय वकिलात बंद झाली आणि व्हिसासाठी इस्लामाबाद गाठणे आले. २००६ मध्ये खोखरापारची गाडी पुन्हा धावू लागली खरी, पण २०१९ मध्ये थांबली ती थांबलीच. जालना रस्त्यावरच्या सिंधी कॉलनीतील वृद्धांना विचारले तर हीच गोष्ट ते उलट्या टोकाकडून सांगतील: त्यांचे घर तिकडे राहिले आणि ते पाहायला जाण्याचा परवाना त्यांना लागला.

शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. जन्मस्थानाच्या रकान्यात ‘औरंगाबाद’ असलेली पारपत्रे मुदत संपेपर्यंत चालतील. इथून हजला निघणाऱ्यांच्या हातात आता सर्वांचे एकसारखे, भारतीय प्रजासत्ताकाचे पारपत्र असते. फक्त मक्केला पोहोचल्यावर एक जुनी गोष्ट उरते. निजामांनी तिथे आपल्या प्रजेच्या उतरण्यासाठी रुबात, म्हणजे धर्मशाळा, बांधली होती. तिथल्या विनामूल्य जागेसाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात त्या पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील यात्रेकरूंच्या, मग ते आज तेलंगणाचे असोत, कर्नाटकाचे असोत की मराठवाड्याचे. त्यामुळे कायगावच्या हाजीचे नाव त्या यादीत बसते. टोक्याच्या हाजीचे बसत नाही. तो इंग्रजी हद्दीतला.